सोमवारचे पहिले पाखरू

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

हिप्परगा तलाव, सोलापूर
ता. २० नोव्हेंबर १९३२

ती. सौ. काशक्कास,
धाकटा भाऊ शिवयोगी याचा शरणार्थी नमस्कार.

तुझे कार्ड पोचले. वळसंगच्या रुद्रप्पांनी "मुलगा करतो काय?" असे विचारले आणि तुला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून तू माझ्यावर रागावली आहेस. दाजी मध्येच म्हणाले की शिवयोगी तलावावर पाखरे मोजतो, आणि दुकानातली माणसे हसली, हेही कळले. अक्का, दाजी खोटे बोलले नाहीत. पण ते अर्धेच बोलले. दिव्यावरचे पतंग राहिले.

म्हणून सगळे क्रमाने लिहितो. आमचे पेस्तनजी साहेब कालव्याच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत. तलावाच्या बांधाला लागून त्यांचा बंगला आहे. विलायतेत समुद्रकाठी एक ठाणे आहे म्हणे. तिथे माणसे रोजच्या रोज, एक दिवसही न चुकता, कोणती पाखरे आली आणि दिव्यावर कोणते पतंग बसले हे लिहून ठेवतात. साहेबांनी ते वाचले आणि म्हणाले, "आपल्याकडे समुद्र नाही, तलाव आहे. तेवढ्यावर भागवू." त्यांना गुडघेदुखी आहे, म्हणून मला ठेवले. मी इंग्रजी चौथीत नापास झालो हे मी आधीच सांगितले. ते म्हणाले की पाखरांना ते माहीत नाही.

सकाळी दार उघडले की जे पाखरू पहिले दिसेल ते पहिले लिहायचे, मग दुसरे, असे बांधाच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. संध्याकाळी भिंतीवर पांढरे धोतर ताणून त्यापुढे गॅसबत्ती लावायची. (तू दिवाळीला दिलेले धोतर. रागावू नकोस, ते फार स्वच्छ पांढरे आहे.) त्यावर पतंग येऊन बसतात. नावे माहीत नसली तर वर्णन लिहितो. उदाहरणार्थ, राखी, पंखावर दोन डोळे, मिशा फणीसारख्या. लिहून झाले की बत्ती विझवतो आणि ते उडून जातात. आम्ही एकही जीव मारत नाही, हे रुद्रप्पांना आवर्जून सांग. आपल्या माणसांत याला महत्त्व आहे.

पहिल्या दिवशी धोतर ताणले तेव्हा हिप्परग्याची माणसे पोती अंथरून समोर येऊन बसली. त्यांना वाटले, तंबूतला सिनेमा आला. एकाने मला विचारले, "मुका हाय का बोलपट?" मी म्हणालो, पतंग आहेत. तरी कोणी उठले नाही. जाताना एक म्हातारे म्हणाले की चांगला होता, पण गोष्ट समजली नाही.

आता मुख्य गोष्ट. रुद्रप्पांच्या चंद्रव्वाला मी एकदाच पाहिले आहे, तुझ्या घराच्या वास्तुशांतीला. मी पंगतीच्या अगदी शेवटी, खांबामागे बसलो होतो आणि कोणी वाढायलाच येत नव्हते. तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "तितं एक माणूस बसलाय की." मला आजवर असे कोणी पाहिले नव्हते. तेव्हा अक्का, दुकानात कोणी कितीही हसले तरी तू हे स्थळ सोडू नकोस.

तुझा,
शिवयोगी


दुधनी, ता. २६ नोव्हेंबर

चि. शिवयोगीस काशम्माचे अनेक आशीर्वाद. (लिहिणार दुकानचा दिवाणजी धोंडीराम. बाई सांगतात तसेच लिहितो.)

तुजं पत्र दिवाणजींनी दोनदा वाचून दाखवलं. पयल्यांदा मी हसले, दुसऱ्यांदा धोतराचं ध्यानात आलं. ते ऱ्हाऊ दे. मी सोता वळसंगला जाऊन आले.

रुद्रप्पा म्हणाले, "पोरगा पाखरं हाकलतो न्हवं?"

मी म्हणलं, "न्हाय, बघतो."

"बघून?"

"लिवतो."

"आणि मग हाकलतो."

"न्हाय ओ. लिवून झालं की घरला जातो."

त्येंची मान काय हलंना. पाच एकर शाळू पेरलाय त्येंनी, पाखरू म्हणजे त्येंच्या लेखी चोर. चोराला मोजायला पगार कोण देतंय? अक्कलकोटचं एक स्थळ त्येंच्याकडं आलंय, आडत्याचं. पोरगं जाडजूड हाय, दुकान हाय, कुणी हसायचा प्रश्न न्हाय.

तवर त्येंची थोरली बहीण निंगव्वा आतनं म्हणाली, "पाखरांतला जाणता हाय म्हणायचा. त्येला शकुन कळत असंल की." मग रुद्रप्पांचं तोंड उजळलं. शकुन बघितल्याबिगर ह्यो माणूस विहिरीत पोहरासुदिक सोडत न्हाय. एकदा मांजर आडवं गेलं म्हणून सोलापूरच्या बाजारातनं बैल न घेता परत आलाय.

त्येंनी काय ठरवलं ते ऐक. मार्गशीर्षातला सोमवार, १२ डिसेंबर. त्या दिवशी सकाळी तू जे पयलं पाखरू लिवशील ते त्येंना कळवायचं. नीळकंठ असला तर खुद्द शंकराचा होकार. घुबडाच्या जातीचं असलं तर अक्कलकोट. आणि मधलंच कायतरी असलं तर ते निंगव्वाला इचारून ठरवणार.

सोपं काम हाय, एक पाखरू लिवायचं. तुज्या धंद्याचा कधी न्हाय तो उपेग झाला बग.

(बाईंना आनंद झाला आहे. मीही अभिनंदन करतो. — धोंडीराम)


हिप्परगा तलाव, ता. ३० नोव्हेंबर

ती. काशक्कास शरणार्थी.

तुझे पत्र वाचून मला जेवण गेले नाही. तू सोपे म्हणतेस. माझ्या खोलीच्या दारासमोर लिंबाचे झाड आहे. त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो. पिंगळा म्हणजे लहान घुबडच. मी दार उघडतो तेव्हा तो ढोलीच्या तोंडाशी बसून माझ्याकडेच पाहत असतो. आश्विनापासून एकाही दिवशी माझे पहिले पाखरू दुसरे कोणते झालेले नाही. मी लवकर उठलो तर तो आलेला असतो, उशिरा उठलो तर तो गेलेला नसतो.

साहेबांच्या घरी स्वयंपाकाला बजाबाई आहेत. त्यांना सांगितले तर त्यांनी पिंगळ्याचे नाव रुद्रप्पा ठेवले. सकाळी मला हाक मारून विचारतात, "रुद्रप्पा बसलाय का? व्हय म्हणतोय का न्हाय?"

त्याला दगड मारून उठवावे असे त्यांचे मत आहे. पण उठला तरी तो दिसणारच. शिवाय साहेबांचा नियम आहे की आपल्यामुळे पाखरू हलता कामा नये. मी काय करू ते उलट टपालाने कळव.

शिवयोगी


दुधनी, ता. ४ डिसेंबर

चि. शिवयोगीस आशीर्वाद.

आरं, मग नीळकंठ लिव की. त्या पिंगळ्याला वाचता येतंय का? का साहेब तुज्या दाराशी येऊन बघणार हाय?

तुला तसं लिववत नसंल, लहानपणापास्नं तू असाच हायस, तर डोळं झाकून भाईर पड. बघितलंच न्हाय तर लिवायचा प्रश्नच न्हाय. पाच मिंटं डोळं झाकलं म्हणून कुणी मरत न्हाय. लग्नं काय कमी इचित्र कारणानं जुळत्यात? तुज्या दाजींना मी पसंत न्हवते, माज्या बापाची बैलगाडी पसंत होती. आता गाडी मोडली, मी हाय.

(शेवटचे वाक्य मालकांना वाचून दाखवू नये, असे बाईंचे म्हणणे आहे. मालक शेजारीच बसले आहेत. — धोंडीराम)


हिप्परगा तलाव, ता. ९ डिसेंबर

ती. काशक्कास शरणार्थी.

खोटे लिहिता येणार नाही. साहेबांना मी नुसते विचारून पाहिले. ते म्हणाले, "दीकरा, एक पाखरू खोटे लिहिले की मागची सगळी खोटी झाली." तीन महिन्यांची पाखरे आहेत अक्का, आणि मी ती थंडीत लिहिली आहेत.

पण तुझी दुसरी सूचना उत्तम आहे. डोळे झाकून निघालो तर चालेल का, असे मी विचारले. साहेबांनी चहाचा अख्खा कप संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाले की जे दिसले ते लिहायचे असा नियम आहे, दिसलेच पाहिजे असा नाही. मात्र शेऱ्याच्या रकान्यात "डोळे बांधून" असे स्पष्ट लिहावे लागेल. मी कबूल केले.

बांधाच्या पार टोकाला तारायंत्राच्या खांबावर रोज सकाळी एक नीळकंठ बसतो. तो तिथून हलत नाही, किडे धरून परत तिथेच येतो. तेव्हा असे ठरले आहे. मी खोलीतच डोळ्यांवर साहेबांचा काळा मफलर बांधायचा. बजाबाईंनी हात धरून मला खांबासमोर नेऊन उभे करायचे. मग मफलर सोडायचा.

सोमवारी चूक होऊ नये म्हणून आम्ही रोज सराव करतो. खरी नोंद करून आलो की मग सराव. पहिल्या दिवशी मी पाण्यात गेलो. दुसऱ्या दिवशी बजाबाईंनी मध्येच हात सोडला, कारण त्यांना कोणीतरी ओळखीचे भेटले. मी एका म्हशीला धरून उभा होतो. आता बरे जमते. बजाबाई म्हणतात, "अजून चार दिस असंच चाललात तर डोळं असल्याची आठवण ऱ्हायची न्हाय." येणारीजाणारी माणसे थांबून पाहतात, पण मला ती दिसत नसल्यामुळे त्रास होत नाही.

शिवयोगी


हिप्परगा तलाव, सोमवार ता. १२ डिसेंबर

ती. काशक्कास शरणार्थी.

झाले ते जसेच्या तसे लिहितो.

मफलर घट्ट बांधून निघालो. पिंगळा दारात होता, असे बजाबाई म्हणाल्या, पण ते मी ऐकले, पाहिले नाही. बांधावरून नीट चाललो. खांब दहा पावलांवर राहिला असेल तेव्हा बजाबाई थबकल्या. समोर कोणीतरी माणूस उभा होता. आवाजावरून वयस्कर. त्याने बजाबाईंना हळूच विचारले, "कवापास्नं हे असं?"

बजाबाई म्हणाल्या, "झालं की आठ दिस. आदी चांगला व्हता."

"औशद?"

"औशद कशाचं? लग्न झालं की सुटंल म्हणत्यात."

तो गृहस्थ जवळ आला. मग त्याने माझा दुसरा हात धरला आणि म्हणाला, "संबाळून रं लेकरा, हितं खड्डा हाय." फार मायाळू माणूस होता. त्याने माझ्या हातात एक केळे दिले, पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेला. मी मफलर बांधलेला असल्यामुळे नमस्कार चुकीच्या बाजूला केला.

पण या बोलण्यात घात झाला. मफलर सोडला तेव्हा खांब रिकामा होता. त्या माणसाची छत्री पाहून नीळकंठ उडाला, असे बजाबाई म्हणतात. माझ्या पायाजवळ मात्र शेपूट वरखाली करत एक परीट चालत होता. तेच पहिले पाखरू. "परीट, एक, डोळे बांधून" असे लिहिले आणि लगेच त्याची नक्कल रुद्रप्पांना टाकली.

परीट शुभ की अशुभ, हे तू निंगव्वांना आडून विचारशील काय? तो शंकराचा नाही हे मला माहीत आहे. पण घुबडाच्या जातीचाही नाही. दिसायला स्वच्छ असतो.

शिवयोगी


दुधनी, ता. १९ डिसेंबर

शिवयोगी, माज्या बाळा,

तुजे डोळं गेलं आणि तू तुज्या सख्ख्या बहिणीला कळवलं न्हाईस?

परवा रुद्रप्पा सोता दुकानात आले. म्हणाले, "काशव्वा, पाखरू चांगलं होतं. निंगव्वा म्हणाली, परीट म्हणजे धुतलेली कापडं, म्हणजे लगीनघर. पर पोरगा आंदळा हाय हे तुमी लपवायला नको हुतं." मी म्हणलं, आंदळा? तर म्हणाले, "सोमवारी मी तलावावर गेलो हुतो. नोंद खरी हुती का खोटी ते बघावं म्हणून. एक बाई त्येला धरून चालवत हुती. डोळ्यावर काळं फडकं. आठ दिस झालं म्हणाली. माजं काळीज तुटलं. केळ दिलं."

आणि मग म्हणाले, "आंदळ्याला पाखरं मोजायला ठेवनारा साहेब पुण्यवान माणूस म्हणायचा."

मी रडले. मग दिवाणजींनी तुजं नऊ तारखेचं पत्र काढून परत वाचलं, तवा माज्या डोसक्यात उजेड पडला. पर तवर रुद्रप्पा गेले होते, आणि वळसंगला गावभर झालंय. निंगव्वानं तुज्यासाठी सिद्धेश्वराला चांदीचे डोळे बोललेत. आता ते वाहावे लागतील का न्हाईत ह्यो निराळाच घोळ.

डोळं झाकून भाईर पड म्हणून मी सांगितलं, ते खोलीच्या भाईर. गावभर मिरवून ये असं न्हवतं सांगितलं.

(बाईंचा राग खरा नाही. पत्रासोबत काजळाची डबी पाठवण्यास सांगितले आहे. — धोंडीराम)


हिप्परगा तलाव, ता. २२ डिसेंबर

ती. काशक्कास शरणार्थी.

ते रुद्रप्पा होते. आणि मी त्यांचे केळे खाल्ले.

माझे डोळे उत्तम आहेत. या पत्राच्या समासात मी मुद्दाम बारीक अक्षरात अख्खे कन्नड वचन लिहिले आहे. ते रुद्रप्पांना दाखव. दिवाणजींना वाचता आले नाही तर दोष त्यांच्या डोळ्यांचा समजावा. मी बजाबाईंच्या साक्षीने तीन वेळा सुईत दोरा ओवला. साहेबांनी इंग्रजीत दाखला दिला आहे, पण त्यात त्यांनी "रात्रीच्या पतंगांच्या मिशासुद्धा मोजतो" असे लिहिले आहे. ते वळसंगला दाखवावे की नाही, तू ठरव.

मला एकदा तिथे बोलाव. हवी ती परीक्षा घ्यावी. अक्कलकोटच्या मुलाचे डोळे कोणी तपासले आहेत काय? मी हे रागाने लिहीत नाही. काळजीने लिहितो. आता पौष लागेल आणि महिनाभर कोणी काही बोलणार नाही. तेवढ्यात अक्कलकोटकरांनी शब्द घेतला तर मी कितीही लांबचे पाहिले तरी उपयोग काय?

शिवयोगी


दुधनी, ता. २८ जानेवारी १९३३

चि. शिवयोगीस आशीर्वाद.

पौष सरला. अक्कलकोटचं अजून ठरलेलं न्हाय. त्येंच्याकडनं पत्रिका मागितली तर त्येंनी हुंड्याची यादी धाडली, म्हणून रुद्रप्पा जरा घुश्शात हायत. तवर मी तुजं बारीक अक्षराचं पत्र निंगव्वाच्या हातात दिलं. तिला वाचता येत न्हाय, पर ती म्हणाली, "येवढं बारीक लिवणाऱ्याला दिसतंय तरी, न्हायतर त्येला येड तरी लागलंय. बघून घिऊ."

पुढल्या सोमवारी, सहा तारखेला, तुजे दाजी तुला घेऊन वळसंगला जातील. पोरगी दाखवायची न्हाय, पोरगाच बघायचाय. असला कार्यक्रम आमच्या सात पिढ्यांत झालेला न्हाय. दाजी म्हणत होते मी येत न्हाय, लाज वाटती. मी बैलगाडीची आठवण दिली.

नव्या धोतरात जा. ज्येच्यावर किडं बसत्यात ते नको. आणि इचारलं तेवढंच बोल. तुला जे दिसतंय ते समदं बोलून दावायची गरज नसती.

(शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढण्यास सांगितले आहे. ओढली. — धोंडीराम)


हिप्परगा तलाव, ता. ७ फेब्रुवारी

ती. काशक्कास शरणार्थी.

दाजी वळसंगहून परस्पर सोलापूरच्या बाजारात गेले आहेत. ते दुधनीला पोचण्याआधी तुला हे पत्र मिळावे, कारण ते पुन्हा अर्धेच सांगतील.

ओसरीवर बसल्याबरोबर परीक्षा सुरू झाली. तुरीच्या डाळीतले खडे निवडले. सुई ओवली. रुद्रप्पांच्या पुतण्याने वर्तमानपत्र धरून पाठीमागे सरकत सरकत ते अंगणाबाहेर नेले, तरी मी वाचत होतो. शेवटी तो एक बैल मध्ये आल्यामुळे थांबला. रुद्रप्पा प्रत्येक वेळी "हं" म्हणत होते, पण निंगव्वांचे समाधान होईना. त्या म्हणाल्या, "जवळचं आंदळ्यालाबी हाताला कळतंय. लांबचं इचारा."

म्हणून सगळे जिन्याने घराच्या माळवदावर चढलो. निंगव्वा, रुद्रप्पा, दाजी, भाऊबंद, आणि शेवटी पाण्याचा तांब्या घेऊन चंद्रव्वा. तिच्याकडे मी पाहिले नाही. म्हणजे एकदाच पाहिले.

रुद्रप्पांनी शिवाराकडे हात केला. "त्या बाभळीच्या पलीकडं आमचा शाळू हाय. मधी माळा हाय. माळ्यावर आमचा राखणदार हाय. त्येच्या डोक्याला काय हाय सांगा."

मी पाहिले. तू सांगितलेले मला आठवत होते अक्का, ती रेघसुद्धा आठवत होती. पण विचारल्यावर काय करणार? मी म्हणालो, "डोक्याला लाल पटका आहे. पण तो माळ्यावर नाही. माळ्याखाली आहे."

"खाली काय करतोय?"

"निजला आहे."

"आणि शाळू?"

"शाळवावर भोरड्यांचा थवा बसला आहे."

रुद्रप्पांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि म्हणाले, "अंदाजानं बोलताय. मला तर शाळू मोकळा दिसतोय."

मी म्हणालो, "नाही, बऱ्याच आहेत. पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या मोजून झाल्या, आता मधल्या मोजतो आहे. जरा थांबा, आणखी एक थवा उतरतो आहे." तेवढ्यात कशाने तरी तो सगळा थवा एकदम उठला. रानावर काळा ढग उभा राहिल्यासारखा झाला, वळला आणि पुन्हा कणसांवर बसला. ते मात्र सर्वांना दिसले.

मग काय झाले ते सांगणे कठीण आहे. रुद्रप्पा जिना न धरताच उतरले. भाऊबंद पत्र्याचे डबे घेऊन धावले. पुतण्या परातीवर लाटणे बडवत गेला. आपले दाजी नव्या कोटानिशी, दोन्ही हात वर करून, "हा, हा" असे ओरडत ढेकळांतून पळाले. मी त्यांना इतके पळताना कधीच पाहिले नव्हते. माळवदावर निंगव्वा, चंद्रव्वा आणि मी एवढेच राहिलो. मला वाटले, आपणही जावे. पण मोजणी अर्ध्यावर होती.

निंगव्वा भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "बोला की. मी काय खातीया तुमाला?"

मी चंद्रव्वाला म्हणालो, "मी आंधळा नाही."

ती म्हणाली, "ते मला तवाच ठाव हुतं. आंदळ्याला पाखरं मोजायला कोण ठेवतंय? आप्पांना मी म्हणलंबी. पर आप्पा म्हणाले, साहेब पुण्यवान हाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणलं, आंदळा असला तरी चालंल, पर अक्कलकोटचा नको. त्यो बघायला आला तवा माज्याकडं न बघता छताचे वासे बघत हुता. घर केवढ्याचं हाय ते."

मी विचारले की माझे काम तिला कसे वाटते. तिने तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "आमी पाखरू दिसलं की दगड उचलतो. ते कुटनं आलं असंल, हे मी कधी इचारलंच न्हाय. कुटनं येत्यात ह्या भोरड्या?"

मी सांगितले की हिमालयाच्याही पलीकडून, असे साहेब म्हणतात.

"बाई गं," निंगव्वा म्हणाल्या, "येवढ्या लांबनं आमचा शाळू खायला?"

तेवढ्यात रुद्रप्पा परत आले. पटका गळ्यात, धोतराला कुसळे, एका हातात राखणदाराचा लाल पटका. तो राखणदार स्वतः दिसला नाही. ते माळवदावर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. खूप वेळ दम खात होते. मग म्हणाले, "कोपरा गेला, पर रान वाचलं. मला ह्या डोळ्यांनी ढग उठंस्तवर कायबी दिसलं न्हाय, आणि मी तुमाला केळ देऊन आलो." मग निंगव्वांकडे वळून म्हणाले, "अक्कलकोटला कळवा, आमचं हितंच ठरलं म्हणून."

अक्का, हे ऐकून मी खाली वाकून पाया पडलो. या वेळी बरोबर बाजूला. पण उठतो न उठतो तोच त्यांनी अट घातली. दर साली हुरडा धरल्यापासून काढणीपर्यंत जावयाने वळसंगच्या माळ्यावर राखणीला बसायचे. म्हणाले, "असले डोळं तलावावर वाया घालवायचे म्हणजे पाप हाय. साहेबाला महिनाभराची रजा मागा. हितं बसा आणि दिसलं पाखरू की हाकला."

आपल्यामुळे पाखरू हलता कामा नये, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. मी म्हणालो, "हाकलणे मला जमणार नाही." रुद्रप्पांचा चेहरा पाहून, त्यांच्यामागे वर आलेल्या दाजींनी डोळे मिटले. मीच माझे लग्न मोडले, असे मला स्वच्छ दिसले.

तेव्हा चंद्रव्वा जिन्याच्या तोंडाशी होती. भिंतीतल्या खुंटीवर गोफण टांगलेली होती, ती तिने काढून खांद्यावर टाकली. आपल्या वडिलांना म्हणाली, "आप्पा, त्येंना मोजू द्या. मोजून झालं की ते मला सांगतील. मग मी हाकलते."

रुद्रप्पांनी निंगव्वांकडे पाहिले. निंगव्वा म्हणाल्या, "बरूबर हाय की." त्यावर सुपारी फुटली.

साहेबांना मी आज सकाळी सर्व सांगितले. त्यांनी रजा दिली, वर वळसंगचेही रोजचे टिपण मागितले. अडचण एकच राहिली आहे. चंद्रव्वाने हाकललेल्या भोरड्या फिरून पुन्हा त्याच शाळवावर बसल्या, तर त्या एकदा मोजायच्या की दोनदा, हे साहेबांनाही सांगता आले नाही. ते म्हणाले, "ते तुम्ही दोघांनी माळ्यावर ठरवा."

दाजींचा कोट धुण्याला दे.

तुझा,
शिवयोगी